बाकी एक

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आपल्याकडे माणसाचं पुरतं नाव लिहायचं म्हटलं की मधे बापाचं नाव येतं, आणि या गोष्टीत ते आलेलं त्यांना चाललं नसतं. बंदर कचेरीत ते माझ्या वरच्या जागेवर होते, वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठे आणि माझ्याच गावचे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. दिघीच्या धक्क्यावर पुढे पुढे त्यांना सगळे 'बाकी एक' म्हणू लागले. आधी मागून आणि मग तोंडावरही. हे नाव पडलं तेव्हा दादा सोडले तर खरं काय ते फक्त माझ्या घरात ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

दादांचे वडील आमच्या गावचे मास्तर. शाळा मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या लांबट पडवीत भरायची. तिच्या आतल्या भिंतीवर मास्तरांनी दोनपासून तीसपर्यंतचे पाढे स्वतःच्या हाताने काळ्या रंगात लिहून काढले होते. अक्षर असं की छापील वाटावं. छापील उजळणी विकत घ्यायची कुणाची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. भिंतीकडे तोंड करून, डुलत, हेल काढून पाढे म्हणायचे, की ते कायमचे डोक्यात बसायचे. एकतीस वर्षं मास्तरांनी गावाला असं शिकवलं. मीही त्याच भिंतीवर शिकलो. मास्तरांचा हात कडक होता, पण तालुक्याला नोकरी मागायला गेलेल्या पोराने 'मी त्यांचा विद्यार्थी' असं सांगितलं तर समोरचा दुसरा प्रश्न विचारत नसे. गावाजवळ मिरवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. ना जमीन बरी, ना पाणी.

नवाबी संपली त्या सुमारास मास्तर गेले. संख्यावाचनाचा तास चालू होता. फळ्यावर त्यांनी एक दहा अंकी संख्या लिहिली, पोरांकडे वळले, वाचा म्हणाले, खुर्चीत बसले, आणि उठलेच नाहीत. ती संख्या अशी: एक अब्ज पंधरा कोटी पंच्याहत्तर लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे एकोणतीस.

फळा कितीतरी दिवस कोणी पुसला नाही. तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे गेले तेव्हा दादा फळ्यासमोर जाऊन बसले आणि सहज म्हणून त्या संख्येला भागून पाहू लागले. दोनाने जात नाही, तिनाने जात नाही, साताने, अकराने, तेराने नाही. मॅट्रिकला दोनदा गणितातच नापास झालेला हा माणूस. वडिलांनी त्यापायी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं आणि ते तसंच राहून गेलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला येऊन सांगितलं, "बाबांची संख्या फुटत नाही रे."

जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. मास्तरांची शेवटची संख्या मूळ आहे हे सिद्ध करायचं, असं दादांनी मनावर घेतलं. त्यासाठी चौतीस हजार तेवीसपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहावं लागतं. त्यापुढे जायचं कारण नाही. त्याहून मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार लहान असणार, आणि तो आधीच सापडणार. म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त भागाकार. दादांनी रोज एक ठरवला. घाई केली की चूक होते, असं म्हणायचे. मी हिशेब केला. दहा वर्षं होत होती.

आत्ताच सांगून टाकतो. ती संख्या मूळ नाही. तिला एकोणतीसने भाग जातो. दहाव्या दिवशी दादांनी तिला एकोणतीसने भागलं होतं, आणि बाकी एक काढली होती. अकराव्या दिवशी पडताळा म्हणून मी भागलं होतं. माझीही बाकी एकच आली होती.

तर दादांचे भागाकार. ओहोटीला धक्क्याशी पाणी उतरलं की मचवा लागत नसे, लाँच भरती येईपर्यंत धक्क्याखाली बांधून राही, आणि कचेरीत माश्या मारण्याखेरीज काम नसे. ती दादांची वेळ. ओहोटी रोज पुढे सरकते तसा त्यांचा भागाकारही सरकायचा. कधी सकाळी आठला, कधी भर दुपारी जेवणावर. नवाबी कचेरीतले जुने छापील फॉर्म रद्दीत निघाले होते, त्यांच्या कोऱ्या बाजू वर करून त्यांनी जाड दोऱ्याने वह्या शिवल्या होत्या. भागाकार झाला की अंकांच्या बेरजेतून नऊ टाकून पडताळा बघायचे, टाक पुसायचे, आणि दाराशी येऊन साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं बाकी पुकारायचे. "बाकी चारशे बारा!"

लाँच चालवणारा तांडेल खालून विचारायचा, "म्हंजे ऱ्हायली ना दादा आजच्याला?"

"उरली म्हणजे टिकली," दादा म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. तांडेल मान हलवायचा आणि कासऱ्यासारखा जाड दोर गुंडाळायला लागायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाकी कळल्याशिवाय तो घरी जात नसे हेही खरं.

लग्नाच्या पंगतीत दादांना बसवणं हा एक सोहळाच असायचा. आपण बसल्यावर पंगतीतली पानं मूळ संख्येची झाली पाहिजेत. एकदा वीस जण बसले होते, वाढपी भाताचं तपेलं घेऊन उभा, आणि दादा म्हणतात, "एकविसावा मी बसणार नाही." मुलीचा बाप हात जोडतोय, सगळ्यांच्या पानातला भात निवतोय. शेवटी मी आणि मुलीचा मामा मुकाट्याने जाऊन बसलो, तेव्हा तेविसावे म्हणून दादा प्रसन्न चेहऱ्याने टेकले. लोक हसायचे, चिडायचेही, पण मास्तरांचा मुलगा म्हणून बोलावणं कधी चुकवत नसत.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. एकदा आम्ही मुलगी बघायला वरच्या अंगाच्या एका गावात गेलो होतो. शेतकरी घर, मुलगी धीट, हाताला नांगराची सवय. सगळ्यांचे प्रश्न संपले तेव्हा दादांनी तिला विचारलं, "एक्याण्णव फुटतो का?"

ती जरा विचार करून म्हणाली, "फुटंल. पन कशाला फोडायचा?"

बापाने घाबरून सुपारी पुढे केली, पण दादांनी परतताना लग्नाला नकार कळवला. म्हणाले, "हिच्यासमोर मला दहा वर्षं बसता येणार नाही. ही रोज बरोबर तेच विचारील." ती गोष्ट पुढे ते मोठ्या आदराने सांगायचे. मला वाटतं, तिथे त्यांचं भलं झालं असतं. मी तेव्हा आग्रह करायला हवा होता.

दहावं वर्ष सरत आलं तसे मुंबईला गेलेले आमच्या गावचे लोक, गिरणीतले, गोदीतले, एकत्र जमले आणि देवळाशेजारी बांधलेल्या नव्या शाळेत मास्तरांच्या नावाची संगमरवरी फरशी बसवायची असं ठरलं. गावात ते काम पोलीस पाटलांकडे आलं. तेही मास्तरांचेच विद्यार्थी. दादांनी त्यांना सांगितलं, नावाखाली बाबांची संख्या कोरा, आणि खाली लिहा, 'ही संख्या अविभाज्य आहे.' पाटलांना ते फार आवडलं. "आमच्या मास्तरांवानी," ते म्हणाले. अकरा भागाकार उरले होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी घरी ओटीवर बसलो होतो, दिवस मावळायचा होता. माझी मुलगी चौथीत होती, नव्या शाळेतल्या छापील उजळणीवरून एकोणतीसचा पाढा म्हणत होती. "एकोणतीस आठे दोनशे बत्तीस."

"तेवीस," मी म्हटलं.

"बत्तीस," ती म्हणाली, आणि पुस्तक दाखवायला लागली.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पुस्तकात वाटेल ते छापतात, मास्तरांच्या शाळेत शिकलेल्या माणसाला तू शिकवणार, असं बरंच बोललो. पोर रडायला लागली तशी बायको आतून आली. तिचं माहेर पेणकडचं. ती आमच्या भिंतीवर शिकलेली नव्हती.

"तिला कशाला मारता?" ती म्हणाली. "आठ म्हंजे चार जोड्या. आठांत काय बी घाला, जोडीनं जोडीच व्हनार. तेविसांत एक सुटा ऱ्हातो, तो कुठनं आला?"

तिने चिंचोक्यांचा डबा आणून माझ्यासमोर उपडा केला. मी एकोणतीस-एकोणतीस चिंचोक्यांच्या आठ ओळी मांडल्या आणि सगळे मोजले. दोनशे बत्तीस भरले. आठपट केलेली कुठलीही संख्या समच येते हे चौथीतल्या पोरालाही कळतं. मला आणि दादांना उभ्या आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. आम्ही तो पाढा विचार करून म्हटलाच नव्हता. मास्तरांनी भिंतीवर लिहिताना आठव्या ओळीत शेवटचे दोन अंक उलटे टाकले होते, आणि एकतीस वर्षं सारा गाव तेच हेल काढून गात राहिला होता.

मग मी पाटी घेतली आणि मास्तरांची संख्या मांडली. सहाव्या पायरीला नेमके दोनशे बत्तीसच समोर आले. जुन्या पाढ्याने तिथे नऊ उरायचे आणि शेवटी बाकी एक यायची. आता काही उरलं नाही. खाली दोन आले, त्यांत एकोणतीस बसत नव्हते. मग नऊ आले, एकोणतीस झाले, आणि संपलं. बाकी शून्य. नऊ टाकून केलेल्या पडताळ्यात ही चूक सापडणं शक्यच नव्हतं, कारण चूकच नऊची होती. बायको म्हणाली, "उद्या त्यांना सांगा." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू न्हाय. दगडावर कोरल्यावर सांगनार काय?"

दुसऱ्या दिवशी ओहोटी साडेदहाला होती. दादांनी वही उघडली. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि विचारलं, "दादा, एकोणतीस आठे?"

"दोनशे तेवीस," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"एकदा बेरीज करून बघता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकोणतीस एकाखाली एक आठदा लिहिले आणि वरून खाली बेरीज केली. मग खालून वर केली. मग पहिली वही काढली, दहावं पान उघडलं, आणि समासात तो भागाकार पुन्हा करून पाहिला. मी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

नंतर ते बोलले ते अगदी कामाचं बोलल्यासारखं. "भागाकार येतो तीन कोटी नव्याण्णव लाख सोळा हजार आठशे एक. तो मूळ आहे. मी बाकी सगळ्यांनी भागून पाहिलंय, त्यालाही दुसऱ्या कशाने भाग जाणार नाही. त्याच्यासाठी सहा हजार तीनशे सतरापर्यंत गेलं तरी पुरे होतं." ते थांबले. "म्हणजे पहिली सव्वादोन वर्षं कामाला आली."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, चूक तुमची नाही. भिंतीची आहे."

"भिंत कोणाची आहे?"

मी पाण्याचा पेला उचलून परत माठाजवळ ठेवला.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "कुणाचे तरी नऊ नारळ गेले असतील. कुणाच्या तरी घराला नऊ कौलं कमी पडली असतील. आणि तो मुकाट्याने घरी गेला असेल, मास्तर चुकत नाहीत म्हणून." मग टाक उचलून त्यांनी त्या दहाव्या पानावर तांबड्या शाईने लिहिलं: 'घाईत आठाची ओळ विसरलो. चूक माझी.' खाली सही केली. "तू कुणाला सांगायचं नाहीस. मी पाढा विसरलो, एवढंच."

"पण दहा वर्षं, दादा!"

"दहा वर्षं माझी आहेत. ती माझी मी घालवली. बाबांचं नाव माझं नाही. ते गावाचं आहे, आणि गावाकडे दुसरं काही नाही." त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "शपथ घे."

मी घेतली. बायकोलाही घ्यायला लावली. ती म्हणाली, "तुमा पुरुषांचं काय ते मला कळत न्हाय," आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शपथ घेतली तेव्हा पुढे काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. त्याच रविवारी दादा चुन्याची बादली आणि कोयती घेऊन जुन्या पडवीत गेले आणि भिंतीवरचा एकोणतीसचा पाढा खरवडू लागले. एकच आकडा खरवडला असता तर कोणीतरी विचारलं असतं, म्हणून अख्खा पाढा. देवळात आलेल्या बायकांनी पाहिलं आणि आरडाओरडा केला. मी पोचलो तेव्हा निम्मा गाव जमला होता. संख्या फुटली, ती फरशीवर कोरायची नाही, हे दादांनी आदल्या दिवशीच पाटलांना कळवलं होतं. त्यामुळे लोकांनी सरळ अर्थ काढला: स्वतःचं गणित चुकलं, त्याचा राग बापाच्या अक्षरावर काढतोय.

पाटलांनी दादांच्या हातातली कोयती हिसकावली. "आरं, बापाच्या अक्षरावर चुना फासतोस? ज्याच्या जिवावर जगलास त्याच्या?" आणि त्यांनी दादांच्या थोबाडीत मारली. चुना उडून दादांच्या डोळ्यात गेला. दादांनी भिंतीकडे एकदा वळून पाहिलं. पाढा गेला होता. तिथे नुसता ओला पांढरा पट्टा उरला होता. मग ते म्हणाले, "चुकलं माझं." कोणीतरी त्यांच्या अंगावर थुंकलं. मी माणसांच्या मागे उभा होतो. चार पावलं पुढे जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी शपथेला धरून उभा राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे मला पाटलांची भीती वाटली, आणि तोच पाढा मीही तसाच म्हणत होतो हे लोकांना कळण्याची लाज वाटली.

त्या डोळ्याने त्यांना नंतर नीट दिसलं नाही. कचेरीतलं लिहिण्याचं काम काढून घेऊन त्यांना धक्क्यावर मचव्यांची वेळ बघायला बसवलं. पंगतीची बोलावणी बंद झाली. चुकून कुठे गेलेच तर बसवतील तिथे बसायचे, पानं मोजत नसत. दहाव्या पानावरची चुकलेली बाकी कचेरीतल्या कुणीतरी पाहिली होती; ओहोटीला पोरं दाराशी येऊन "बाकी एक!" ओरडायची आणि पळायची. तांडेलाने एकदा एकाला पकडून बदडलं, तर दादाच त्याला रागावले.

फरशी बसवली त्या दिवशी दादा मंडपात शेवटी, खांबाला टेकून बसले होते. मुंबईहून आलेला पाहुणा भाषणात म्हणाला, "मास्तरांनी आम्हाला जे शिकवलं, त्यातलं एक अक्षर चुकलं नाही. घरात मात्र शिकवायचं राहून गेलं असावं." मंडप हसला. दादांनी त्या हशात मान वळवून मला शोधलं. मी उठून काही बोलतो की काय, हे ते बघत होते. मी बसून राहिलो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या थांबल्यावरही त्या थोडा वेळ चालू राहिल्या.

त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. छातीचा आजार होता. दिघीहून त्यांना गावी आणलं तेव्हा खांद्याला माणसं पुरेनात म्हणून तांडेलाने लाँच बांधून ठेवली आणि आपल्या दोघा भावांना घेऊन आला. पाटील मात्र स्मशानात आले होते. चिता पेटल्यावर आम्ही खाडीच्या बाजूला दगडांवर बसलो. पाटील हातातल्या काटकीने दगडावर रेघा ओढत होते. त्यांनाही त्या थोबाडीत मारल्याचं कुठेतरी लागत असावं.

मग ते म्हणाले, "तू तर रोज त्याच्यासंगं व्हतास. मला एक सांग, नेमका चुकला कुठं रं तो?"

"एकोणतीसच्या पाढ्यात," मी म्हटलं. "आठाची ओळ विसरले."

पाटील हळहळले. "काय तरी बाबा. मास्तरांचा पोरगा, आन् पाढा इसरला. आमाला अजून झोपंत बी येतो. एकोणतीस आठे दोनशे तेवीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर न्हवं?"

"बरोबर," मी म्हटलं.